पुतळ्यात डुकरीण नाही

टोलिव्हर, आयोवा
९ ऑक्टोबर

प्रिय ऑरिन,

तू बरा असशील आणि मेंढ्याही ठीक असतील अशी आशा करते. तिकडे मोंटानात पहिला बर्फ पडूनही गेला असेल. इथे अजून मका उभा आहे आणि मागच्या झाडाला सफरचंदं आहेत. माझी तब्येत चांगली आहे. गुडघा कुरकुरतो, पण तोही आता घरातलाच एक झाला आहे.

तुझा हॅम पोचला.

आधी त्याबद्दलच लिहिते. लायमनच्या अंत्यविधीसाठी जगभरातून पुष्पचक्रं आली होती. सैन्यातला एक तरुण कॅप्टन चर्चमध्ये प्रत्येकावरचं कार्ड वाचून देशांच्या मानाप्रमाणे त्यांची रांग लावत होता. त्यात कापडात गुंडाळलेली डुकराची अख्खी मांडी आली, धुरावर धरलेली. चिठ्ठी नाही, नाव नाही. कॅप्टनने ती आधी स्टोक्सकडे दिली. स्टोक्स हा आमच्या पोर्चवर बसणारा सरकारी अंगरक्षक. माणूस दरवाजाएवढा आहे, पण दुपारभर माझ्याबरोबर वाटाणे सोलतो. त्याने कापड उघडून वास घेतला आणि सांगितलं, "धोका काही नाही. उलटच आहे." मग कॅप्टन माझ्याकडे आला.

"मॅडम, हे कोणत्या देशाकडून आलंय? कुठे ठेवायचं?"

"घरच्यांकडून आलंय," मी म्हटलं. "पुढच्या रांगेत ठेवा."

म्हणून सगळी प्रार्थना होईपर्यंत तुझा हॅम नॉर्वे आणि ब्राझील यांच्या मधोमध होता. फोटोतही आला आहे. वर्तमानपत्रांनी त्याबद्दल काही लिहिलं नाही. बहुधा एखादी धार्मिक प्रथा समजले असावेत.

तुला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मेंढ्या पाळणाऱ्याला डुकराची मांडी विकत आणावी लागते, त्यासाठी गाडी काढून शहरात जावं लागतं, हेही कळलं. राग धरून बसलेला माणूस एवढा प्रवास करत नाही, असं मला वाटलं. मी चुकत असेन.

विधी चांगला झाला. माजी राष्ट्राध्यक्षांच्या अंत्ययात्रेचा आराखडा सैन्याकडे आधीपासून तयार असतो. दर वर्षी एक अधिकारी येऊन तो लायमनला वाचून दाखवायचा आणि लायमन दर वर्षी तोफांबद्दल हुज्जत घालायचा. या वेळी हुज्जत घालायला कुणी नव्हतं, त्यामुळे सगळं वेळेवर झालं. शवपेटीमागून तो काळा घोडा चालवतात ना, रिकाम्या खोगिराचा, रिकिबीत उलटे बूट अडकवलेला, त्याने मात्र वाटेत मिसेस पॉमरॉय यांच्या हातातला गुच्छ खाल्ला. त्या एवढ्या रडत होत्या की गुच्छाच्या जागी नुसते देठ उरलेत हे त्यांना चर्चच्या पायरीवर कळलं.

मिसेस पॉमरॉय तुला ठाऊक नसतील. तू गेल्यानंतरच्या त्या. बॉस्टनला राहतात. लहानपणी नदीच्या बर्फाखालून लायमनने बाहेर काढलेली मुलगी आपणच, असं त्या सांगतात.

ती गोष्ट मी तुला सांगणं बरोबर नाही. ती तुझीच आहे. पण विषय काढलाच आहे तर सरळ लिहिते. मार्च महिन्यात नदीवरचा बर्फ फुटला आणि तुमच्या वडिलांची बथशेबा नावाची डुकरीण पाण्यात गेली. तू नऊ वर्षांचा होतास. तू उतरलास, गळ्याइतक्या पाण्यात तिचा कान धरून उभा राहिलास, लोक दोर घेऊन येईपर्यंत सोडला नाहीस. लायमन काठावर होता. हे मला लग्नाच्या आधी तुमच्या आईने सांगितलं होतं, आणि तेव्हा लायमन टेबलाशी बसून मान खाली घालून बटाटे खात होता.

पुढे त्या गोष्टीचं काय झालं ते तुला माहीत आहे.

आमची लेक विनी दोन आठवडे राहून गेली. आईची काळजी घ्यायला आली होती, पण रडत तीच होती, त्यामुळे मला बराच उद्योग मिळाला. आता घर शांत आहे. लायमनच्या आजारपणाबद्दल तू विचारलं नाहीस, आणि लिहिण्यासारखं फारसं नाही. दुपारी पोर्चवर बसायचा. थोडं मोठ्याने बोलायचा. नंतर झोप लागायची.

आणखी एक. क्लाइड डॅगेटने पुतळ्यासाठी समिती काढली आहे. लायमन पहिल्यांदा जिल्हा वकिलाच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हापासून त्याचं सगळं डॅगेटच बघायचा. आता लायमन गेला तरी तो थांबायला तयार नाही. पुतळा नदीकाठी बसवायचा आहे, त्याच गोष्टीचा. अनावरण मे महिन्यात.

तू यावंस असं मला वाटतं. खोली तयार आहे. तिच्यात आता इस्त्रीचं टेबल आहे, ते काढता येईल.

हॅम फार चांगला होता. आम्ही तो स्टोक्ससह तीन रविवार खाल्ला.

तुझी वहिनी,
हेस्टर


टोलिव्हर
१८ नोव्हेंबर

प्रिय ऑरिन,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहून बरं वाटलं. मजकूर वाचायला वेळ लागला नाही. "पुतळ्यात डुकरीण आहे का?" एवढंच लिहून बाकीचं कार्ड कोरं सोडणं हे फक्त अप्शॉ घराण्यातल्यालाच जमेल. स्टोक्सने ते दोनदा वाचलं आणि विचारलं की ही सांकेतिक भाषा असेल तर त्याला वर कळवावं लागेल. मी म्हटलं, नाही, हा माझा दीर आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

आता ते कसं ठरलं ते सांगते, म्हणजे तू एकट्या लायमनवर रागावणार नाहीस.

समिती गेल्या गुरुवारी आमच्या जेवणघरात जमली. डॅगेट, मिसेस पॉमरॉय आणि शिकागोचा एक तरुण मूर्तिकार. मूर्तिकाराचं नाव व्हिक्टर झेलेन्का. त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातून मातीचा नमुना आणला होता. मुलगा होता, गुडघ्याइतकं पाणी होतं आणि मुलाच्या हातात कोकरू होतं.

"कोकरू कशाला?" मी विचारलं.

"कोकरावर कुणाचा राग नसतो, हेस्टर," डॅगेट म्हणाला. "डुकरीण दाखवली तर शहरातले हसतील. गाय दाखवली तर गोमांसवाले म्हणतील आमची, दूधवाले म्हणतील आमची. या वयात मला ते भांडण पुन्हा नको."

"मी कोकरू नाही," मिसेस पॉमरॉय म्हणाल्या.

"तसं कुणी म्हटलेलं नाही, मॅडम."

"मी सहा वर्षांची होते. माझ्या अंगात निळा कोट होता. शपथविधीच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला होता. आता माझ्या नातवंडांना मी काय सांगू, की आजीच्या जागी मेंढीचं पिल्लू बसवलंय?"

"मुलगी दाखवायची तर दोन आकृत्या होतील," झेलेन्का म्हणाला. "कांस्य दुप्पट लागेल. डुकरीण असेल तर तिप्पट."

"बघा," डॅगेट म्हणाला, जणू काही त्याने ते आधीच सांगितलं होतं.

मी त्यांना पम्पकिन पाय वाढली. भोपळ्याची गोड भाजणी ती. खाताना माणसं कमी बोलतात. तो वेळ मला आठवायला मिळाला.

ही गोष्ट कशी वाढत गेली ते मी आगगाडीच्या शेवटच्या डब्यातून बघितलं आहे, ऑरिन. तू बघितलं नाहीस. तू फक्त शेवटी रेडिओवर ऐकलंस. गव्हर्नरच्या निवडणुकीत लायमन आयोवातल्या प्रत्येक स्टेशनात डब्याच्या मागच्या कठड्याशी उभा राहून बोलायचा, आणि मी टोपी घालून त्याच्या डाव्या हाताला उभी राहून हसायची. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आम्ही भावांनी एकदा बर्फातून डुकरीण काढली." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी गाडी उशिरा आली आणि घाईत 'आम्ही भावांनी'चं 'मी' झालं. टाळ्या जास्त वाजल्या. त्या दिवशी मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा डुकरीण आयोवाबाहेर चालेना. टेक्ससमध्ये तिचं वासरू झालं. विस्कॉन्सिनमध्ये दुभती गाय. बॉस्टनला पोचलो तर तिथल्या लोकांना गुरांमध्ये रस नव्हता, म्हणून डॅगेटच्या सांगण्यावरून 'शेजाऱ्यांचं एक लेकरू' झालं. तीन आठवड्यांनी मिसेस पॉमरॉय यांचं पत्र आलं की ते लेकरू आपण. लायमन घाबरला. मला म्हणाला, "हेस्टर, मी एक बाई निर्माण केली." डॅगेट म्हणाला की तिला दोन भाऊ आणि पाच मतदार मुलं आहेत, नाही म्हणू नकोस.

त्या खोट्या नाहीत, ऑरिन. मी त्यांना इतक्या वर्षांत नीट पाहिलं आहे. लहानपणी त्या कुठेतरी पाण्यात पडल्या होत्या आणि कुणीतरी त्यांना काढलं होतं. काढणारा निघून गेला, नाव सांगितलं नाही. त्यांना फक्त एक नाव हवं होतं.

मग पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली, रेडिओवरून भाषण झालं, आणि त्यात बर्फ होता, रात्र होती, वादळ होतं, लेकरू होतं आणि लायमन एकटा होता. दुसऱ्या दिवशी तुझी तार आली. "डुकरीण कुठे गेली?" अभिनंदनाच्या तारांच्या ढिगात ती सगळ्यात लहान होती. लायमन उत्तर लिहायला बसला. डॅगेट म्हणाला, "काहीही लिहिलंस तरी संध्याकाळच्या अंकात छापून येईल." लायमनने लेखणी ठेवली. नंतर तो म्हणायचा की निवडणूक झाली की लिहितो. मग शपथविधी झाला की. मग संप मिटला की. मग दुसऱ्यांदा उभा राहिला, आणि असा हरला की टोलिव्हरनेसुद्धा त्याला मत दिलं नाही. त्यानंतर लिहायला वेळच वेळ होता. तोवर तू पत्ता बदलला होतास. पण खरं तर लाजच इतकी जुनी झाली होती की तिला कुठून सुरुवात करायची ते त्याला कळत नव्हतं. इतका बोलणारा माणूस, आणि कागद घेऊन नुसता बसायचा.

खाऊन झाल्यावर डॅगेटने चष्मा पुसला आणि नवीन विषय काढला. चौथऱ्यावर लायमनचे शेवटचे शब्द कोरायचे आहेत. मोठ्या माणसांचे कोरतात.

"शेवटच्या वेळी तूच होतीस, हेस्टर. काय म्हणाला तो?"

मी बशा उचलायला लागले. स्टोक्स दाराशी उभा होता. त्याला एकाएकी अंगणात काहीतरी आवाज आला आणि तो तपासायला बाहेर गेला. मला काही ऐकू आलं नव्हतं.

"आठवत नसेल तर हरकत नाही," डॅगेट म्हणाला. "मी दोन-तीन लिहून आणलेत. 'देशाची काळजी घ्या.' हे एक. 'मी माझं काम केलं.' हे दुसरं, पण यावर विरोधक बोलतील."

"मी विचार करून सांगते," मी म्हटलं.

तेव्हा सध्या असं आहे: पुतळ्यात डुकरीण नाही, कोकरू आहे, आणि मिसेस पॉमरॉय रुसून बॉस्टनला गेल्या आहेत. तू मेंढ्यांमध्ये आयुष्य काढलंस, म्हणून कोकराबद्दल तुला काय वाटेल याचा मला अंदाज येत नाही.

मे महिन्याचं काय ते कळव. इस्त्रीचं टेबल मी हलवलं आहे. आता ते जिन्यात आहे आणि सगळ्यांच्या पायात येतं, तेव्हा फार वेळ लावू नकोस.

हेस्टर


टोलिव्हर
२ एप्रिल

प्रिय ऑरिन,

नाताळात तू मिसेस पॉमरॉय यांना पत्र लिहिलंस, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पत्ता तुला कुठून मिळाला ते विचारत नाही. तुझ्या पत्राची पहिली ओळ त्यांनी मला टेलिफोनवर वाचून दाखवली: "मॅडम, पाण्यातून जी निघाली ती तीनशे पौंडांची होती आणि तिला शेपूट होती." त्यांना तू वेडा वाटलास. त्यांनी उत्तरात तुला स्वेटर पाठवला, कारण वेड्या माणसांना थंडी जास्त वाजते असं त्या समजतात. निळा होता का? मला तो निळाच असणार असं वाटतं.

मला मात्र तू काही लिहिलं नाहीस. मे महिन्याबद्दल नाही आणि टेबलाबद्दलही नाही.

म्हणून हे पत्र. इतके दिवस मी हवा, गुडघा आणि समिती याबद्दल लिहीत राहिले. मला दुसरं लिहायची सवय नाही. चाळीस वर्षं मी लायमनच्या शेजारी उभी राहिले आणि त्या चाळीस वर्षांत जाहीरपणे बोललेली माझी वाक्यं एका दमात म्हणून होतील. पण स्टोक्सची बदली झाली आहे. तो सोमवारी जातो. तो गेल्यावर ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत असणार नाही, आणि तसं राहू देणं मला बरोबर वाटत नाही.

गेल्या वसंतात लायमनचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं. आधी सेनेटरांची नावं गेली, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. मग राष्ट्राध्यक्षपद गेलं. भिंतीवरचा स्वतःचा शपथविधीचा फोटो बघून तो म्हणाला, "हा माणूस थंडीत टोपी का घालत नाही?" मग गव्हर्नरपद गेलं, मग वकिली. एकेक पायरी उतरत तो खाली गेला, आणि जूनमध्ये काठावर येऊन पोचला. तिथून पुढे तो हललाच नाही.

रोज दुपारी उन्हं कलली की तो पोर्चच्या कठड्याशी उभा राहायचा. दोन्ही हात तोंडाभोवती धरायचा आणि ओरडायचा. तुला त्याचा आवाज आठवत असेल. भोंग्याशिवाय अख्ख्या स्टेशनला ऐकू जायचा तो आवाज.

"ऑरिन, बाहेर ये. सोड त्या डुकरिणीला. ऑरिन, बाहेर ये."

मी विचारलं, "तू काय करतोस तिथे, लायमन?"

"मी ओरडतोय ना. मला पोहता येत नाही, हेस्टर. पाण्यात ऑरिन आहे. मला फक्त ओरडता येतं."

त्याने डुकरीण म्हटलं, ऑरिन. रोज. एकदाही वासरू नाही, गाय नाही, लेकरू नाही. सगळी भाषणं गळून गेली आणि खाली ती गोष्ट जशीच्या तशी होती. मला वाटतं ती तिथे कायमच होती.

मी शेजारपाजाऱ्यांना सांगितलं की तो भाषणाचा सराव करतो. लोकांनी विश्वास ठेवला. समोरच्या मिस टिडबॉल म्हणाल्या, "हल्ली त्यांची भाषणं आटोपशीर झालीत, मला आवडतात." वर्तमानपत्रवाला कुणी आला तर मी त्याला मागच्या दारी नेऊन सफरचंदं दाखवायची. लायमनला मात्र उत्तर मिळत नसे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय तो बसत नसे. घसा बसेपर्यंत ओरडायचा. मग रडायचा. मला ते बघवत नव्हतं.

एके दिवशी स्टोक्स उठला. पायऱ्या उतरला आणि लायलॅकच्या झुडपामागे गेला. तो दरवाजाएवढा माणूस तिथे कसा मावला ते मला माहीत नाही. झुडपातून आवाज आला:

"आलो बाहेर, लायमन."

लायमनने हात खाली घेतले. "डुकरीण?"

झुडपाची पानं हलली. स्टोक्सला तोवर डुकरिणीबद्दल फार माहिती नव्हती. मग आवाज आला, "तीही आली. बरी आहे."

"बाबा मारतील आता दोघांनाही," लायमन म्हणाला, आणि खुर्चीत बसून झोपला. कित्येक आठवड्यांत त्याला मी इतकं शांत झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मग रोज तसंच. कॉफी, हाक, झुडूप, झोप. स्टोक्सने वरिष्ठांना काय अहवाल दिला ते मी विचारलं नाही. लायलॅकची ती बाजू अजून वाकलेली आहे.

सप्टेंबरातल्या त्या दिवशी स्टोक्सची सुट्टी होती. त्याच्या जागी दुसरा होता, नवा, कोरा टाय घातलेला. त्याला सांगायचं राहून गेलं. लायमन सकाळपासून अंथरुणात होता, उठवत नव्हतं. डॉक्टर येऊन गेले होते आणि खिडकीजवळ उभे राहून माझ्याशी हळू आवाजात बोलले होते, त्यामुळे मला कळलं होतं. दुपारी त्याने हात तोंडाभोवती धरले. आवाज निघाला नाही, नुसती हवा. तरी मला ऐकू आलं. ऑरिन, बाहेर ये.

मी खाली गेले. नव्या माणसाला म्हटलं, "तुम्ही जरा रस्त्याकडे तोंड करा." त्याने केलं. मी लायलॅकच्या मागे गेले, खिडकीकडे बघितलं, आणि ओरडले.

आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, ऑरिन. तुझ्या नावाने, तुझ्या आवाजात, म्हणजे मला तो जसा आठवत होता तसा. "आलो बाहेर, लायमन. आलो." चिमण्या उडाल्या. मिस टिडबॉल यांनी पडदा बाजूला केला. नवा माणूस वळला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. तो नोकरीत पुढे जाईल असं मला वाटतं.

वर आले तेव्हा लायमन हसत होता. मला म्हणाला, "ऐकलंस? त्याला सर्दी झालीय. गरम काहीतरी दे."

मी म्हटलं, देते.

ते शेवटचे शब्द. नंतर तो झोपला आणि तसाच गेला.

तुझ्या नावाने मी उत्तर दिलं, तुला न विचारता. तुला राग आला तर तो तुझा हक्क आहे. पण तू तिथे असतास तर दिलं असतंस की नाही, हे मला गेले सहा महिने विचारायचं होतं. पोस्टकार्डावर विचारण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

जानेवारीत समिती पुन्हा बसली. मी त्यांना शेवटचे शब्द सांगितले. डॅगेट म्हणाला, "'त्याला सर्दी झालीय, गरम काहीतरी दे.' हे दगडावर कसं कोरायचं, हेस्टर? लोक म्हणतील औषधाची जाहिरात आहे."

"कोरू नका," मी म्हटलं. "पण कोकरू काढा."

"मग काय घालू? डुकरीण?"

"काही नाही. कुणीच नको. मुलगा काठावर उभा करा. हात तोंडाभोवती. तो ओरडतोय."

झेलेन्काने तिथल्या तिथे मातीचं कोकरू उपटून खिशात टाकलं आणि मुलाचे हात वर वळवले. त्याचा चेहरा उजळला. मला वाटतं त्याला प्राणी जमत नाहीत. डॅगेट मान तिरकी करून बघत राहिला. मग म्हणाला, "लहानपणापासूनच वक्ता. हे चांगलं आहे. हे सगळ्या राज्यांत चालेल." टेलिफोनवर मिसेस पॉमरॉय यांना सांगितलं तेव्हा त्या रडल्या आणि म्हणाल्या, कुणाला हाक मारतोय ते आता कोरायची गरजच नाही. मी हो म्हटलं. माझ्या मते तिघंही बरोबर होते, आणि मी कुणाशीही खोटं बोलले नाही. राजकारणात एवढी वर्षं काढल्यावर एवढं मलाही जमायला हवं.

पुतळा ओतून झाला आहे. काल गाडीतून आला. नदीकाठच्या चौथऱ्यावर उभा केला आहे, मे महिन्यापर्यंत त्याच्यावर कापड असेल. मी पाहून आले. कापडाखालूनसुद्धा कोपरं कळतात. तो पाण्याकडे तोंड करून आहे आणि पाण्यात कुणी नाही. ती जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. डॅगेटला वाटतं ती नदी दिसावी म्हणून.

स्टोक्स सोमवारी जातो. माझा आवाज त्या दिवसापासून नीट परत आलेला नाही, आणि तसाही तो माझा नव्हता.

गाडी टोलिव्हरला दुपारी थांबते. मिसेस पॉमरॉय यांचा स्वेटर घालून ये, त्यांना बरं वाटेल. तुला डुकरिणीची गोष्ट सगळ्या गावासमोर सांगायची असली तर सांग. सांगायची नसली तर काठावर येऊन नुसता उभा राहा, त्याला दिसशील असा. चुलीवर काहीतरी गरम असेल. मी तसं कबूल केलं आहे.

तो अजून ओरडतोच आहे. आता बाहेर ये, ऑरिन.

वाट पाहणारी,
हेस्टर